सैल बोल्टची बाजू

रायफलचा बोल्ट अडला की माणसाचा हात दोन वस्तूंकडे जातो: तेलाची बाटली, नाहीतर कानस. लोखंडाने लोखंडाला धरलंय, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी असते. बहुतेक वेळा ती चुकीची ठरते. अडलेला बोल्ट हा निरोप्या. दुखणं काडतुसात, ते ज्यात बसतं त्या चेंबरमध्ये किंवा बंदुकीच्या ठेवणीत असतं. ज्या सैलपणाला आपण हलक्या कारागिरीची खूण मानून नाक मुरडतो, तो रानातल्या बंदुकीचा मोठा गुण आहे, असं कागदपत्रं चाळल्यावर म्हणावं लागतं. सातारा-सांगलीच्या संदर्भात हे मांडायला कारण आहे. आपल्याकडे नागरी परवान्यावर मिळणारी जुनी ओळखीची देशी रायफल म्हणजे .३१५, आणि ती ली-एनफिल्डच्या, म्हणजे पोलिसांच्या ‘थ्री नॉट थ्री’च्या, घराण्यातली.

हा .३१५ आकडा कुठल्या जनावराच्या मापाने ठरलेला नाही. गोऱ्या सरकारला धाक होता तो लष्करातून पळवलेलं काडतूस खासगी बंदुकीत बसण्याचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी आली, तेव्हा इंग्लिश बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० अशी शेजारची मापं काढून शिकाऱ्यांची सोय केली. .३०३ नागरिकांना बंद, म्हणून ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलचं आठ मिलिमीटरचं काडतूस ली-एनफिल्डच्या यंत्रणेत बसवलं गेलं. बर्मिंगहॅमच्या बीएसएने ती बंदूक विकली. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्याने तीच वाट धरली. सरकारचा धाक अगदीच निराधार होता असंही नाही. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, ज्यातून १९४९मध्ये दक्षिण सातारा आणि १९६०मध्ये सांगली हे नाव निघालं, प्रतिसरकार चाललं. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रेल्वे लुटली. अशा मुलखात काडतुसाच्या जाडीचं राजकारण होणारच. पण कायद्याने काडतूस बदललं तरी बोल्ट जुनाच राहिला, आणि हे शेतकऱ्याच्या पथ्यावर पडलं.

का, ते समजायला कॅनडाच्या रॉस रायफलचं भांडण पाहायला हवं. सर चार्ल्स रॉस हा स्कॉटलंडचा सरदार, हौशी शिकारी आणि हट्टी संशोधक. त्याच्या .२८० बोअरच्या शिकारी रायफलचा मोठा बोलबाला होता. बोल्ट न फिरवता सरळ मागे ओढायचा. चेंबर अगदी बेताचं, नेम अचूक. कॅनडाने हीच जात सैन्याला दिली. एप्रिल १९१५मध्ये, पहिल्या महायुद्धात, ईप्रच्या दुसऱ्या लढाईत चिखल, भरभर गोळीबार आणि किंचित जाड ब्रिटिश काडतुसं एकत्र आली आणि बोल्ट जागीच बसले. सैनिक बुटाच्या टाचेने, खंदक खणायच्या दांड्याने दांडी ठोकत होते. कित्येकांनी रॉस टाकून मेलेल्या ब्रिटिश सोबत्यांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. रॉसचा पाठीराखा मंत्री सॅम ह्यूज मात्र ऐकेना. रायफलविरुद्ध लिहिणाऱ्या जनरल आल्डरसनला त्याने झणझणीत पत्र पाठवलं, आणि त्याच्या प्रती शेकडो अधिकाऱ्यांना वाटल्या. १९१६मध्ये रायफल मागे घेतली गेली. त्याच वर्षी ह्यूजलाही खुर्ची सोडावी लागली. मला यातला रॉस कीव करण्याजोगा वाटतो, ह्यूज नाही. एकाने चूक केली, दुसऱ्याने ती खंदकातल्या पोरांवर लादली.

रॉसच्या बाजूचे लोक म्हणतात, दोष काडतुसांचा होता, रायफलचा नव्हे. नेमबाज पुढेही ती आवडीने वापरत राहिले. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे, पण त्यांनी बचाव होत नाही. एक तर बोल्ट मागे अडवणारा छोटा खटका प्रत्येक झटक्याला बोल्टच्या कानावर आपटून त्याची धार चेपत होता. हा दोष काडतुसाच्या माथी मारता येत नाही. दुसरं, नेमबाज निवडून घेतलेल्या काडतुसांनी सावकाश बार काढतो. निवडक काडतुसावरच चालणारी बंदूक नेमबाजीच्या मैदानात शोभते, बांधावर नाही. शिवाय बरणीचं घट्ट झाकण आपण आधी फिरवतो, मग उचलतो. ली-एनफिल्डची दांडी वर उचलताना हेच होतं: तिरक्या खाचेमुळे चिकटलेली पुंगळी आधी सुटते, मग बाहेर येते. रॉसची दांडी झाकण सरळ उपटायला सांगत होती. ली-एनफिल्डचं सैल चेंबर आणि फिरता बोल्ट घेऊनच मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. ११७वी मराठा पलटण तर कुट-अल-अमाराच्या १४७ दिवसांच्या वेढ्यात होती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या महायुद्धात ४६ जवान गमावले. या मुलखाला ही बंदूक शेतावर येण्याआधी पलटणीतून माहीत झाली.

आता निदान. नळी निर्धोक दिशेला, मॅगझिन काढलेलं, चेंबर डोळ्यांनी पाहिलेलं. मग बोल्ट नेमका कुठे अडतो ते पाहायचं. रिकाम्या बंदुकीचा बोल्ट पुढे सारताना शेवटच्या टप्प्यात जोर लागत असेल, तर तो आजार नव्हे. या घराण्यात स्प्रिंग बोल्ट बंद करताना दाबली जाते. माउझर रायफलची सवय असलेला माणूस इथेच फसतो. काडतूस वर येतानाच अडकलं तर मॅगझिनमधली रांग पाहावी. ही काडतुसं काठवाली. वरच्याचा काठ खालच्याच्या काठामागे पडला की वरचं पुढे सरकत नाही. प्रत्येक नवं काडतूस भरताना त्याचा काठ खालच्याच्या पुढे ठेवला की काम झालं. काडतूस आत जातं पण दांडी खाली बसत नाही, तेव्हा चेंबरमधली घाण किंवा चेपलेलं काडतूस हे पहिले संशयित. अशा वेळी तळहाताने ठोकणं म्हणजे भरलेल्या काडतुसाशी कुस्ती. बार झाल्यावर दांडी उचलली जात नसेल तर मामला सर्वांत गंभीर: दाब वाढलाय, पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटलीय. उन्हात तापलेली काडतुसं हे त्याचं नेहमीचं कारण. उष्ण मुलखासाठी विलायती बंदूकवाले हलक्या भाराची वेगळी काडतुसं विकत, ती याचसाठी. इथे चेंबरला तेल लावणं हा उलटा उपाय आहे. कोरडी पुंगळी भिंतीला धरून काही जोर पेलते. तेलकट पुंगळी सगळा धक्का बोल्टवर टाकते.

सातारा-सांगलीत याला हवामानाची जोड आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर माण आणि जतकडे पाचशेच्या आसपास. कोयना-चांदोलीच्या कडेची बंदूक गंजते, जतची धुळीने भरते. एकाच तेलाने दोन्हीकडे भागत नाही. ओल्या भागात तेलाचा पातळ थर हवा, धुळीच्या भागात जवळपास कोरडं पुसलेलं अंग. त्यात निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. महिनोन्‌महिने पडून तेलाचा डिंक होतो, आणि परत आलेल्या बंदुकीचा बोल्ट मधात बुडवल्यासारखा चालतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतून नळीत उतरणारं मीठ तर तेलाने जातच नाही. बार झाल्यावर नळीतून उकळतं पाणी ओतायची पलटणीची रीत होती. घरच्या किटलीने होणारं हे काम महागड्या बाटल्यांपेक्षा सरस आहे.

शिकार संपली, मग हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली, हे योग्यच झालं. पण सागरेश्वर अभयारण्याच्या आसपासची हरणांनी खाल्लेली पिकं आणि सह्याद्रीच्या कडेची रानडुकरं यांचा प्रश्न संपलेला नाही. पिकाला धोका असेल तर वन खात्याच्या लेखी परवानगीने मोजक्या प्रसंगी बार काढता येतो. वर्षातून एखाद्या वेळी निघणारी बंदूक रोज निघणाऱ्या बंदुकीपेक्षा जास्त अडते. उरली कानस. ली-एनफिल्डचं बोल्टचं डोकं वेगळं बसवलेलं असतं आणि ते मापून निवडलेलं असतं. बोल्टवरचा क्रमांक बंदुकीच्या क्रमांकाशी जुळायला हवा. कानशीने घासलेला किंवा दुसऱ्या बंदुकीचा बोल्ट सुरळीत चालेल, पण काडतुसामागची मोकळीक वाढली तर पुंगळी फाटून वायू तोंडावर येतो. १९५९च्या शस्त्र कायद्याने दुसऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लावलाय, आणि या एका कलमात मला सरकारी संशयापेक्षा शहाणपण जास्त दिसतं. या बोल्टला मुळात जेवढी मोकळीक हवी, तेवढी कारखान्याने मापून ठेवलेलीच आहे. आपण फक्त तीत मीठ, धूळ आणि डिंक साठू द्यायचा नाही.