गाडीची दुसरी चावी : कोठे ठेवावी, कशी सांभाळावी

जुन्नर तालुक्यातील ओझर हे श्री विघ्नहराचे गाव कुकडी नदीच्या काठी, येडगाव धरणाच्या पाण्याला लागून वसले आहे. बागायतीमुळे या परिसरातील बरीच कुटुंबे गावठाणात न राहता मळ्यात वस्ती करून राहतात. ऊस कारखान्याला आणि टोमॅटो नारायणगावच्या बाजाराला जातो. त्यामुळे दारात मोटारसायकल, ट्रॅक्टर, पिकअप किंवा मोटार यांपैकी एखादे तरी वाहन असतेच. नवीन गाडी घेताना तिच्यासोबत साधारणपणे दोन चाव्या मिळतात. एक रोजच्या वापरात राहते. दुसरी कोठे आहे असे विचारले, तर घरातील माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक या भागात टोमॅटोच्या प्लॉटची पाहणी करण्यास गेला होता. क्रेट भरून पिकअप तयार होती. परंतु तोडणीच्या गडबडीत चावी सरीत कोठेतरी पडली. दुसरी चावी घरच्या कपाटात होती, पण कपाटाची किल्ली त्याच हरवलेल्या जुडग्यात! चावी सापडेपर्यंत लिलावाची वेळ टळली होती. असे नुकसान एखाद वेळी सोसता येते. परंतु रात्री पाण्याच्या पाळीला गेलेल्या माणसाला घोणस किंवा मण्यार चावली, तर वेळ दवडून चालत नाही. म्हणून दुसऱ्या चावीची सोय आधीच करून ठेवणे गरजेचे आहे.

चावीचा प्रकार ओळखावा

१) साधी धातूची चावी : मोटारसायकल, ट्रॅक्टर व जुन्या गाड्यांना ही असते. बाजारात तिची नक्कल सहज करून मिळते. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत एकाची चावी दुसऱ्याला लागते, हा अनुभव अनेकांना असेल. म्हणून ट्रॅक्टरचे संरक्षण केवळ चावीवर सोपवू नये. बॅटरीचा प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा. चावी स्विचमध्येच ठेवण्याची सवय तर सोडूनच द्यावी. घरात लहान मुले असतात.

२) चिप असलेली चावी : हिच्या मुठीत बारीक चिप असते. गाडीने ती ओळखली तरच इंजिन चालू राहते. साध्या नकलेने दार उघडते, पण गाडी चालत नाही.

३) बटणाने गाडी चालू करण्याची चावी : ही खिशात असली तरी चालते. हिच्यात लहान सेल असतो. हिचा संदेश उपकरणाने दूरवर पोहोचवून गाडी चोरण्याचे प्रकार इंग्लंडसारख्या देशांत घडले आहेत.

कोठे ठेवू नये

गाडीच्या आत, डिकीत किंवा सीटखाली दुसरी चावी कधीही ठेवू नये. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी मूळ चाव्या मागते. एक चावी गाडीबरोबरच गेली असेल, तर भरपाई मिळण्यास अडचण येते. चुंबकाची डबी चाकावरील पत्र्याखाली चिकटविण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. परंतु चिखल, खडी आणि उसाच्या फडातील खाचखळगे यांमुळे डबी गळून पडते. शिवाय चोर प्रथम तेथेच हात घालतो. उंबऱ्याजवळची कुंडी, विजेच्या मीटरची पेटी आणि दाराची चौकट याही जागा सर्वांना ठाऊक असतात. विहिरीवरील पंपघरात किंवा औषधांच्या खोलीत चावी ठेवल्यास दमट हवेने व रसायनांनी सेल आणि आतील भाग खराब होतात.

कोठे ठेवावी

चावी गाडीपासून लांब, पण घरातील माणसांच्या हाताशी असावी. त्यासाठी पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी.

१) मूळ दुसरी चावी राहत्या घरात, आतल्या खोलीत, कोरड्या जागी ठेवावी. ज्या कुलपाची किल्ली गाडीच्या जुडग्यात आहे, त्या कुलपात ती ठेवू नये.

२) ही जागा घरातील किमान दोन मोठ्या माणसांना माहीत असावी. त्यांपैकी एक नेहमी घरी असणारी असावी.

३) चावीला गाडीचा क्रमांक किंवा नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी बांधू नये. ओळखीसाठी रंगीत दोरा पुरेसा आहे.

४) चिपच्या गाडीसाठी दार उघडण्यापुरती एक साधी नक्कल करून ती शेजारच्या मळ्यात भावाकडे ठेवावी. चावी आत राहून दार बंद झाल्यास ती उपयोगी पडते. एरवी कोणाच्या हाती लागली, तरी तिने गाडी चालू करून नेता येत नाही.

५) बटणाच्या गाडीची चावी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. डबा बंद करून गाडीजवळ न्यावा. तरीही दार उघडले, तर तो डबा निरुपयोगी समजावा.

वर्षातून एकदा तपासणी

पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवण तपासतो, तशीच दुसरी चावीही तपासली पाहिजे. दसऱ्याला गाडीची पूजा होते. त्याच दिवशी दुसऱ्या चावीने दार उघडून गाडी चालू करून पाहावी. सेल मंद झाला असल्यास बदलावा. सेल पूर्ण उतरला तरी बहुतेक गाड्यांत चावी बटणाला टेकवून धरल्यास इंजिन चालू होते. तसेच तिच्या आत दारासाठी धातूची पाती असते. ती कशी काढावयाची, हे घरातील सर्वांना दाखवून ठेवावे.

चावी हरवल्यास

नवीन चाव्यांबरोबर क्रमांक कोरलेली लहान पट्टी मिळाली असल्यास तो क्रमांक वहीत लिहून पट्टी वेगळी ठेवावी. नवी चावी करून घेताना तो लागतो. चावी चोरीस गेल्याचा संशय असल्यास पोलिसांत तक्रार द्यावी, विमा कंपनीस कळवावे व अधिकृत विक्रेत्याकडून जुन्या चावीची ओळख गाडीतून काढून टाकावी. साध्या चावीच्या गाडीचे कुलूपच बदलावे. दुसरी चावी वापरात काढली म्हणजे काम भागले, असे समजू नये. त्या दिवसापासून आपल्याकडे एकच चावी उरलेली असते. तेव्हा नवी जोड लगेच करून घ्यावी.

रात्री अडचण आल्यास १०८ क्रमांकावर फोन करता येतो. परंतु मळ्याची वाट अंधारी असते, उसात बिबट्याचा वावर असतो, आणि रुग्णवाहिकेला वस्ती सापडण्यास वेळ लागू शकतो. अशा वेळी दारातील गाडी लगेच चालू झाली पाहिजे. शेतकरी बंधू-भगिनींनी आज संध्याकाळीच घरातील माणसांना एकत्र बसवून दुसरी चावी कोठे आहे ते विचारावे. ती बाहेर काढून गाडीला लावून पाहावी आणि तिची जागा ठरवून द्यावी.