हाताने लिहिलेलं पत्र

कॅथलिक धर्मगुरू व्हायला निघालेल्या प्रत्येकाला दीक्षेआधी एक पत्र द्यावं लागतं, स्वतःच्या हाताने लिहून आणि सही करून. मजकूर साधाच: ही दीक्षा मी आपखुशीने घेतो आहे. चर्चच्या कायद्यातली ही अट मला ‘पाचारण’ या भारदस्त शब्दापेक्षा जास्त बोलकी वाटते. पाचारण म्हणजे देवाचं बोलावणं. पण बोलावणं आलं असं ज्याला वाटतं, त्याच्या एकट्याच्या शब्दावर चर्च विसंबत नाही.

वसईला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गोन्सालो गार्सिया १५५७च्या आसपास इथे जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेज्वित या धर्मसंघाच्या लोकांकडे शिकला, कोवळ्या वयात त्यांच्यासोबत जपानला गेला, तिथली भाषा आत्मसात केली, धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षं राबला. त्याला जेज्वित व्हायचं होतं. त्यांनी घेतलं नाही. मग गडी व्यापारात उतरला आणि तिथे चांगला जम बसवला. एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाच्या लोकांनी त्याला आपल्यात घेतलं, तेही ‘ब्रदर’ म्हणून. १५९३मध्ये तो त्यांचा दुभाषा होऊन जपानला परतला, थेट तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यात तो होता. १८६२मध्ये संत ठरला. वसईत आज त्याच्या सणाला मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होते. त्याला स्वतःला मात्र जन्मात एकदाही मिस्सा अर्पण करता आली नाही, कारण ब्रदरला तो अधिकार नसतो.

बाहेरून पाहणाऱ्याला फादर, ब्रदर, सिस्टर सारखेच. प्रत्यक्षात संघात राहणारे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. धर्मप्रांताचा फादर ब्रह्मचर्याचं आणि बिशपांची आज्ञा पाळण्याचं वचन देतो. दारिद्र्याचं व्रत त्याला नसतं. त्याच्या नावावर वाडी असू शकते!

फादर होण्याची वाट लांबची. शिकायला गोरेगावचं सेंट पायस कॉलेज किंवा १९५५मध्ये कँडीहून पुण्याला आलेली पेपल सेमिनरी. आधी तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान, मधे एखादं वर्ष लोकांत काम. पंचविशीच्या आत सहसा दीक्षा नाही. नंदाखालला १९४२मध्ये जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, यांची दीक्षा १९७२ची. या वर्षांत मुलगा कधीही घरी परतू शकतो, आणि वरिष्ठही त्याला ‘तुझी वाट ही नव्हे’ असं सांगू शकतात. चर्चच्या लेखी त्यात कमीपणा नाही. आळीतल्या नजरांचं मात्र सांगता येत नाही.

दीक्षेच्या दिवशीही आधी चौकशीच. उमेदवार लायक आहे का, असं बिशप भर चर्चमध्ये विचारतात. लोकांना विचारून खात्री केली आहे, असं उत्तर यावं लागतं. मग तो वेदीपुढे पालथा पडतो, अगदी साष्टांग, आणि वरून संतांच्या नावांची माळ गायली जाते. नंतर बिशप एक शब्दही न बोलता त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात. तळव्यांना तेल लावतात. ते तेल ज्या कापडाला पुसलं जातं, ते आईला देण्याची जुनी चाल आहे. आई ते कपाटात जपून ठेवते. ती गेली की शवपेटीत तिच्या हातांत तेच कापड ठेवतात.