मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवा ही पुस्तकं!

‘आमचा वाचतच नाही’ म्हणणाऱ्या आईबाबांसाठी माझी लाडकी यादी 📚

🔸 अगदी छोट्यांसाठी ‘राधाचं घर’. गोष्टी माधुरी पुरंदरे यांच्या, चित्रंही त्यांचीच. मांडीवर घेऊन वाचा, चित्रांत रमू द्या.

🔸 विंदा करंदीकरांच्या बालकविता, ‘एटू लोकांचा देश’. मोठ्यानेच वाचायच्या!

🔸 दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’. खट्याळ, पण मनाचा निर्मळ.

🔸 भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश सायकलवर टांग मारून निघाला की भानगडीत सापडलाच म्हणून समजा. मग जिभेने ‘ट्टॉक’ करतो आणि डोकं लढवून सहीसलामत सुटतो.

पथ्य एकच: ‘तात्पर्य काय?’ विचारायचं नाही. कंटाळा आला तर अर्ध्यात सोडू द्या, आवडलं तर दहादा वाचू द्या.

तुमच्या घरी कोणतं पुस्तक वाचून वाचून खिळखिळं झालंय?