म्हैसूरच्या राजवाड्यासमोर गाणे ऐकावयाचे असेल तर

दसऱ्यास एकदा तरी म्हैसूर पाहावे, असे पुष्कळ कुटुंबांच्या मनात असते. सोन्याच्या अंबारीची मिरवणूक, दिव्यांनी उजळलेला राजवाडा, चामुंडीची टेकडी, वृंदावन उद्यान ही नावे आपणांस ठाऊक असतात. परंतु नवरात्रातील संध्याकाळी त्याच राजवाड्यासमोरच्या पटांगणात, उघड्या आकाशाखाली, गायन-वादनाचे कार्यक्रम होतात आणि ते ऐकण्यास प्रवेशमूल्य द्यावे लागत नाही, ही गोष्ट त्यामानाने थोड्यांच्या ध्यानी येते. ज्यांच्या ध्यानी येते त्यांतलेही बरेचजण दिवे पाहून, गर्दीत धक्के खाऊन, गाण्याचा एक सूरही धड कानी न पडता परत येतात. आम्ही स्वतः एकदा असेच परत आलो. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा ऐकावयास मिळाले. पहिल्या फजितीची हकीकत आधी सांगतो, कारण पुढील बहुतेक सूचना तिच्यातूनच निघालेल्या आहेत.

हा सारा खटाटोप आमच्या तीर्थरूपांसाठी होता. तात्यांचे बालपण मिरजेस गेले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेस वास्तव्य करून होते व म्हैसूर दरबाराचे त्यांना अगत्याचे बोलावणे असे, हे संगीताच्या जाणकारांना ठाऊक आहेच. याच दरबाराने त्यांना ‘संगीतरत्न’ ही पदवी दिली. आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, म्हणजे आपल्या भास्करबुवा बखल्यांचे गुरू, हेही म्हैसूरच्या पदरी होते. आमच्या आजोबांनी खाँसाहेबांना मिरजेत ऐकले होते आणि ‘खाँसाहेब म्हैसूरला निघाले’ हे वाक्य ते अशा थाटात उच्चारीत की, जणू गावातील कोणी काशीयात्रेस निघाले आहे. ते ऐकून ऐकून तात्यांच्या मनात बसले होते की, आपणही एकदा त्या राजवाड्यापाशी बसून गाणे ऐकावे. पंचाहत्तरी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, उजव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले, तेव्हा ही गोष्ट आणखी लांबणीवर टाकण्याजोगी राहिली नाही.

कोरोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ या सालांचा दसरा मर्यादित स्वरूपात झाला. त्यानंतरच्या वर्षी आम्ही निघालो. आमचे साडू नोकरीनिमित्त बेळगोळ येथे राहतात. हे बेळगोळ म्हणजे गोमटेश्वराचे श्रवणबेळगोळ नव्हे, हे येथेच सांगून ठेवतो. श्रवणबेळगोळ हसन जिल्ह्यात, म्हैसूरपासून बरेच दूर आहे. गोमटेश्वराच्या पायाशी जुन्या मराठीतील लेख असल्याने मराठी माणसास तेच नाव चटकन आठवते. आमचे बेळगोळ म्हैसूरहून कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या वाटेवरचे, शहरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरचे गाव. पत्ता सांगताना, तिकीट काढताना किंवा मोबाइलवर रस्ता शोधताना एवढे तपासून पाहावे. आमच्या एका आप्तांनी तपासले नाही आणि त्यांना गोमटेश्वराचे दर्शन अनायासे घडले!

रविवारचा दिवस होता. घर धरणाच्या वाटेवरच असल्याने दुपारी वृंदावन उद्यान पाहावे, तेथील कारंजी पाहावी आणि तसेच शहरात येऊन गाण्यास बसावे, असा बेत आम्ही केला. कागदावर तो फार सोयीचा वाटला. विश्वेश्वरय्यांच्या देखरेखीखाली १९११ साली ज्याचे काम सुरू झाले ते हे धरण, आणि त्याच्या पायथ्याशी दिवाण मिर्झा इस्माईल यांनी उभविलेली ही बाग. दोन्ही पाहण्यासारखीच आहेत. परंतु बागेची खरी शोभा अंधार पडल्यावर, रंगीत कारंजी सुरू झाली म्हणजे दिसते, आणि राजवाड्यासमोरचे कार्यक्रमही संध्याकाळीच असतात. एकाच वेळच्या दोन गोष्टी आम्ही एकापुढे एक मांडल्या होत्या. पाच वर्षांची आमची कन्या कारंज्यांपासून हलेना. निघावयास उशीर झाला. बेळगोळपाशीच वाहनांची रांग लागली. शहरात पोहोचलो तो राजवाड्याभोवतीचे रस्ते एकदिशा केलेले. रिक्षा जेथे थांबली तेथून चालणे आले. प्रवेशद्वाराशी आलो तेव्हा आत जाणाऱ्यांपेक्षा बाहेर पडणाऱ्यांचा लोंढा मोठा होता. मुलगी खांद्यावर झोपली होती. तात्या तटाच्या भिंतीला हात टेकून उभे होते. आतून तबल्याचा ठेका तेवढा येत होता. “कोण गातंय?” असे त्यांनी दोनदा विचारले. आम्हांस सांगता आले नाही. पाच-दहा मिनिटांनी ते म्हणाले, “चला, पोरीला झोप आली आहे.” परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की, गाण्याच्या दिवशी गाणे हाच एक कार्यक्रम ठेवावा. सकाळी राजवाडा आतून पाहून घ्यावा. जुना लाकडी वाडा १८९७ साली राजघराण्यातील एका लग्नसोहळ्याच्या वेळी जळाला आणि हेन्री आयर्विन यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेला हा नवा राजवाडा १९१२ साली पूर्ण झाला. दरबाराचा भव्य दिवाणखाना पाहून ठेवला की, पूर्वी मोजक्या निमंत्रितांपुरते असलेले संगीत आता पटांगणात कसे सर्वांसाठी खुले झाले आहे, हे मुलांना सांगता येते. दुपारी सर्वांनी, विशेषतः वडीलधाऱ्यांनी, तास-दोन तास पडावे. वृंदावन उद्यान, श्रीरंगपट्टण, बेळगोळचे नातलग यांना वेगळा दिवस द्यावा. नातलगांचे घर शहराबाहेर असल्यास गाण्याच्या रात्रीपुरते शहरातच उतरण्याचे पाहावे. नातलग रुसतात, हे खरे. आमचे साडूही रुसले होते. पण रात्री दहाच्या सुमारास थकलेल्या वृद्धांना व झोपलेल्या मुलांना घेऊन धरणाच्या रस्त्याला वाहन शोधणे यापेक्षा तो रुसवा सोसवतो.

दुसरी गोष्ट दिवसाच्या निवडीची. महोत्सवाचे शेवटचे दोन-तीन दिवस, म्हणजे आयुधपूजा व विजयादशमी, हे मिरवणुकीसाठी येणाऱ्यांचे दिवस. साडेसातशे किलो वजनाच्या अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती बसवून हत्ती राजवाड्यापासून बन्नीमंटपाकडे निघतो. ते पाहावयास सारा मुलूख लोटतो, राहण्याच्या जागांचे दर चढतात आणि राजवाड्याचे आवार त्या तयारीत गुंतते. ज्याला संगीत ऐकावयाचे आहे त्याने तिसऱ्या माळेपासून सहाव्या माळेपर्यंतचा, आणि त्यातही रविवार वगळून, काळ धरावा. मिरवणूक आणि मैफल ही दोन्ही एकाच फेरीत साधण्याचा हव्यास वृद्ध सोबत असता तरी करू नये, असे आमचे मत आहे. तिथींकडेही लक्ष असावे. २०२५ साली हा उत्सव नेहमीच्या दहाऐवजी अकरा दिवसांचा होता; निव्वळ बोटे मोजून तिकीट काढणारा अशा वर्षी चुकतो.

कलावंतांची यादी मात्र उत्सव तोंडावर आल्यावरच हाती येते. रेल्वेचे आरक्षण तर साठ दिवस आधी खुले होते आणि दसऱ्याच्या गाड्या पाहता पाहता भरतात. तेव्हा अमुक एका गायकासाठी दिवस ठरविणे बहुधा साधत नाही. सलग तीन संध्याकाळी हाती राहतील असा मुक्काम आखावा आणि यादी आल्यावर त्यांतली एक निवडावी. राजवाड्यासमोर सर्व प्रकारचे कार्यक्रम असतात: कर्नाटक व हिंदुस्तानी गायन, वाद्यवादन, भक्तिगीते, नृत्य, पोलीस वाद्यवृंदसुद्धा. पाश्चात्त्य वाद्ये या दरबारास परकी नव्हती. शेवटचे महाराज जयचामराज वाडियार हे कर्नाटक पद्धतीच्या कृती रचीत आणि पियानोही वाजवीत. रशियन रचनाकार मेट्नर यांच्या संगीताच्या ध्वनिमुद्रिका निघाव्यात म्हणून त्यांनीच द्रव्यसाहाय्य केले होते. तरुणांसाठीचा ‘युवा दसरा’ हा निराळा कार्यक्रम आहे. त्याची जागा निराळी, गर्दी निराळी आणि ध्वनीची पातळी तर फारच निराळी. नावांतील साम्यामुळे आजोबांना तेथे नेऊ नये. उलट फार गर्दी नको असेल तर जगन्मोहन राजवाड्यातील बंदिस्त सभागृहातही या दिवसांत कार्यक्रम असतात, आणि पावसाच्या दिवशी ती सोय विशेष उपयोगी पडते.

पावसाचा विचार तर हवाच. आपल्याकडे नवरात्रात पाऊस सरत आलेला असतो. म्हैसूरकडे ऑक्टोबर हा भर पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे आणि तो बहुधा दुपारनंतर किंवा संध्याकाळी येतो. छत्री नेऊ नये. ती उघडताच मागच्या चार जणांचे गाणे संपते. अंगावर घालावयाचे हलके रेनकोट बरे. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने रात्री गारवा उतरतो. वृद्धांसाठी शाल व कानावरून घ्यावयाचा मफलर आणि खुर्ची ओली असल्यास पुसावयास एक जुना पंचा, एवढे असले की पुरे. मोठ्या पिशव्या तपासणीत वेळ खातात.

आत शिरण्याची वेळ दिव्यांवरून ठरवावी. राजवाड्यावर सुमारे एक लाख दिवे आहेत. ते लागतात त्या सुमारास केवळ रोषणाई पाहण्यासाठी येणाऱ्यांची एकच झुंबड उडते, आणि गाण्यास येणारा तिच्यात सापडला की अडकला. आपण दिवे लागण्यापूर्वी तासभर आत असावे. म्हणजे बसावयास जागा मिळते आणि तो लखलखाट डोळ्यांसमोर एका क्षणात उजळताना खुर्चीत बसून पाहावयास मिळतो. मुलांना गाण्यापेक्षा तोच अधिक आठवतो, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. राजवाड्यास अनेक दरवाजे आहेत. त्या दिवशी श्रोत्यांना कोणत्या दरवाज्याने सोडणार, हे सकाळीच पहाऱ्यावरच्या पोलिसास विचारून ठेवावे. राजवाड्यास कानडीत ‘अरमने’ म्हणतात; एवढा एक शब्द ठाऊक असला तरी रिक्षावाल्याशी काम भागते.

पुढच्या रांगा निमंत्रितांच्या असतात, त्यांचा मोह धरू नये. उघड्यावर आवाज भिंतींवरून परतून येत नाही, तो ध्वनिक्षेपकांच्या भरवशावर असतो. अगदी कर्ण्यापुढे बसले तर कान बधिर होतात, कडेला बसले तर शब्द विरतात. ध्वनीची जुळवाजुळव करणारे लोक जेथे आपली यंत्रे मांडून बसतात, त्यांच्या आसपासची जागा उत्तम. कारण त्यांच्या कानाला जे नीट लागते तेच आपणांस ऐकू येते. ही युक्ती आम्हांला एका वृद्ध म्हैसूरकरांनी सांगितली. वीणेसारखे नाजूक वाद्य असेल तर ती विशेष उपयोगी. हे वीणे शेषण्णांचे गाव आहे. येथे वीणा ऐकावयाची ती नीट ऐकावी.

जेवण आधी, पण हलके. लहान मुलांना ‘मोसरन्न’, म्हणजे आपला दहीभात, मानवतो. मुलांच्या खिशात घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. मोठ्यांनीही चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा आधीच ठरवावी, कारण हजारो माणसे एकत्र आली की मोबाइलचा नेम नसतो. आम्ही राजवाड्याच्या उत्तरेचे ‘दोड्ड गडियार’ ठरविले होते. १९२७ साली, कृष्णराज वाडियार यांच्या कारकीर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त उभारलेला हा घड्याळाचा मनोरा उंच असून त्यावरील आकडे कानडी आहेत. मुलीने ते दुपारी वाचावयास शिकून घेतले, त्यामुळे ती जागा तिच्या पक्की ध्यानात राहिली.

दुसऱ्या खेपेस पाचव्या माळेला आम्ही असे बसलो. तात्यांचा डावा कान व्यासपीठाकडे येईल अशी खुर्ची फिरवून घेतली होती. आधी वाद्यवादन झाले, मग गायन. कर्नाटक पद्धतीचे असल्याने सारे कळले असे नाही. तात्या मात्र मधूनमधून मांडीवर ताल धरीत होते आणि एकदा “हा आपला मालकंसच की,” म्हणून हसले. त्यास तिकडे हिंदोळम् म्हणतात, ही माहिती शेजारच्या गृहस्थांनी पुरविली. मुलगी नवाच्या सुमारास झोपली, तिला शालीत घेतले.

कार्यक्रम संपताच सारे एकदम उठतात. तेव्हा उठू नये. पंधरा-वीस मिनिटे जागेवर बसून राहावे, पाणी प्यावे, दरवाज्याशी वाट मोकळी झाल्यावर निघावे. आम्ही तसे बसलो असता तात्यांनी खिशातून कार्यक्रमाची यादी काढली, चष्मा पुसला आणि विचारले, “उद्या कोण आहे?”