शाळेतील हरित सेना : तिचे वर्षभराचे काम व शेतकऱ्याचा त्यातील वाटा

गावोगावच्या शाळांतून पर्यावरणाची मंडळे निघाल्यास आता बरीच वर्षे झाली. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने सन २००१-०२ मध्ये ‘राष्ट्रीय हरित सेना’ ही योजना सुरू केली, व महाराष्ट्रात तिचे काम सामाजिक वनीकरण विभागाकडे आले. तेव्हापासून ‘हरित सेना’ हे नाव खेड्यातील मुलांच्या तोंडी बसले आहे. परंतु आमच्या शेतकरी बंधूंपैकी पुष्कळांची समजूत अशी दिसते की, हे काम म्हणजे घोषणा देत काढलेली एक फेरी व फोटोपुरते लावलेले एक रोप. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे आम्हांस म्हणवत नाही. तथापि ज्या कामाचा लाभ अखेर आपल्याच विहिरीस व बांधास व्हावयाचा, त्याकडे आपणच पाठ फिरविणे शहाणपणाचे नव्हे. यास्तव असे मंडळ ऋतुमानाप्रमाणे वर्षभर काय करू शकते व त्यात आपला वाटा कोणता, हे येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

मृग ते श्रावण. ता. ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन. सन १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेच्या स्मरणार्थ तो पाळला जातो. पण आमच्याकडे त्या दिवशी शाळेस बहुधा सुट्टी असते व जमीन तापलेली असते. त्या दिवशी लावलेले रोप पहिल्या उघाडीतच जळते. म्हणून त्या दिवशी खड्डे तपासावे, त्यात माती व कुजलेले शेणखत भरून ठेवावे, आणि लागण मात्र आर्द्राच्या पावसाने जमीन चांगली भिजल्यावर करावी. ह्याच सुमारास निंबोळ्या पिकून गळतात. कडुनिंबाच्या बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच नाहीशी होते. सबब रोपांकरिता ताजे बी लागलीच पेरले पाहिजे. उरलेल्या निंबोळ्या मुलांनी सावलीत वाळवून ठेवाव्या. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, अर्क गाळून, त्याचे शंभर लिटर पाणी केले म्हणजे पाच टक्क्यांचा फवारा तयार होतो, व तो भाद्रपदात कपाशी-तुरीच्या कामी येतो.

पावसाची वही. आमच्या मते मंडळाचे सर्वांत मोलाचे काम हेच होय. तोंड व बूड सारख्या मापाचा एक सरळ डबा उघड्या जागी ठेवावा, रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी पट्टीने मोजावे व वहीत लिहावे. एवढ्याने मुलांस हिशेब कळतो, व बापासही कळतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. त्या मानाने २५ मिलिमीटरच्या एका पावसात एकरभर रानावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते, आणि शाळेच्या शंभर चौरस मीटर छपरावर अडीच हजार लिटर. बांध फुटका असला तर त्या लाखातील किती वाहून जाते, ह्याचा विचार मग आपोआप सुरू होतो.

ह्या वहीचा दुसरा उपयोग पेरणीस होतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज खरिपाची पेरणी करू नये, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. पण सरकारी पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असावयाचा, आणि पाऊस तर शिवाराशिवारात वेगळा. आपल्या गावी खरोखर किती पडला हे ठाऊक नसल्यामुळे घाईने पेरणारा दुबार पेरणीत सापडतो व बियाण्याचा खर्च दोनदा सोसतो. शाळेतील एक डबा त्यास हा धोका वेळीच दाखवू शकतो.

विहिरीचे माप. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे ह्या चार महिन्यांत मोजते. तोच क्रम मुलांनी धरावा. काठावर एक कायमची खूण करावी, दोरीस वजन बांधून पाण्यापर्यंतचे अंतर पंप सुरू होण्यापूर्वी मोजावे. मुलांनी एकट्याने विहिरीवर जाऊ नये. शिक्षक व विहिरीचा धनी दोघेही हजर असावे. गावातील पाच-सहा विहिरींची अशी दोन-तीन वर्षांची मापे जमली म्हणजे, ह्या ऑक्टोबरात पाणी गतवर्षीपेक्षा किती खाली आहे हे सांगता येते. आणि रब्बीस गहू-कांदा धरावा की हरभरा-ज्वारीवर समाधान मानावे, ह्याचा निर्णय अंदाजाने न होता मापाने होतो. हिवरे बाजार गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची जी रीत घातली, तिचे मूळ अशाच मोजणीत आहे.

हिवाळा. ता. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात सन २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मारुती चितमपल्ली व डॉ. सालिम अली ह्यांच्या जन्मदिवसांवरून तो ठरला. त्या निमित्ताने मुलांनी हरभऱ्यात काठ्यांचे पक्षीथांबे उभे करावे; त्यांवर बसून कोतवाल व साळुंकी घाटेअळ्या टिपतात. गव्हाणी घुबड अशुभ नसून उंदरांचा काळ आहे, हेही घरोघर सांगावे. पुढे पानगळ सुरू झाली म्हणजे पाला न जाळता शाळेच्या आवारातील खड्ड्यात शेण व मातीच्या थरांनी कुजवावा. इंदूर येथे सर अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी बसविलेली कंपोस्टची पद्धत ह्यास उत्तम.

उन्हाळा, व खरी कसोटी. वर्षभराचे काम येथे तरते किंवा बुडते. होळीनंतर पिके निघतात, गुरे मोकळी सुटतात, शाळा बंद होते, आणि पावसाळ्यात लावलेली झाडे ह्या तीन महिन्यांतच मरतात. मुलांचा ह्यात दोष नाही. ज्या गावात चराईस आवर नाही, तेथे कोणतीही सेना हरणारच. उपाय साधे आहेत. रोपाभोवती बाभळीच्या वा बोरीच्या काट्यांचे कुंपण करावे. बुडाशी पाल्याचे आच्छादन घालावे. शेजारी मडके पुरून, त्यास बारीक भोक पाडून कापडाची वात बसवावी, म्हणजे थोडके पाणी दिवसचे दिवस मुळांशी झिरपते. एका मुलाने दोनच झाडे घ्यावी, पण ती दोन्ही जगवावी.

आमची विनंती. बांधावरील झाडाने पिकास सावली होते, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. म्हणून पिकाच्या मधल्या बांधाचा आग्रह आम्ही धरीत नाही. वाटेची व ओढ्याची कड मात्र मंडळास खुशाल द्यावी. तेथे करंज, जांभूळ लावता येतील. गिरिपुष्पाची फांदी लावली तर तिचा पाला हिरवळीचे खत म्हणून परत आपल्याच रानात येईल. दुसरे, लागणीच्या वेळी प्रत्येकाने पाटीभर शेणखत द्यावे. तिसरे व मुख्य, दोन वर्षे तेवढ्या पट्ट्यात गुरे न सोडण्याचा ठराव ग्रामसभेत करून तो पाळावा. आणि ता. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मुलांनी पावसाची वही सर्वांसमक्ष वाचून दाखवावी. जो मुलगा आज पाऊस व पाणी मोजतो, तोच उद्या ह्या जमिनीचा धनी होणार आहे. त्याच्या वहीतील आकड्यांस गावाने मान दिला, तर त्यासही त्या जमिनीची कदर राहील.