रुग्णाच्या उशाशी जागणाऱ्यांची झोप

प्रतिवर्षी या अहवालातून आम्ही आपणांसमोर बाह्यरुग्ण तपासण्या, शस्त्रक्रिया, सवलतीच्या दरात केलेले उपचार आणि जमाखर्च यांचा तपशील सादर करीत असतो. तथापि रुग्णालयात रोज खर्च होणारी एक गोष्ट कोणत्याही ताळेबंदात दाखविता येत नाही. ती म्हणजे रुग्णाच्या उशाशी बसून नातेवाइकांनी गमावलेली झोप. रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि त्याच्यासाठी आठ-दहा रात्री जागलेली व्यक्ती आजारी पडते, हा अनुभव अनेक कुटुंबांना असेल. म्हणून यंदाच्या आरोग्यविषयक लेखासाठी आम्ही अपुरी झोप, तिची कारणे आणि तिचे परिणाम हा विषय निवडला आहे.

झोपेची गरज

झोप म्हणजे आळस किंवा वाया गेलेला वेळ, ही समजूत आपल्याकडे अद्याप दृढ आहे. वास्तविक चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. आधुनिक वैद्यकानेही झोपेला तितकेच महत्त्व दिले आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यक क्षेत्रातील तज्ज्ञ संस्थांनी २०१५ मध्ये प्रौढ व्यक्तीस रोज किमान सात तास झोप आवश्यक असल्याचे मत नोंदविले. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, तर किशोरवयीनांना आठ ते दहा तास झोप लागते.

झोपेचे नियमन मुख्यतः दोन गोष्टींनी होते. पहिली अशी की, आपण जितका काळ जागे राहतो तितके मेंदूत ‘ॲडेनोसिन’ हे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतील कॅफिन या द्रव्याचा परिणाम काही काळ रोखून धरते. त्यामुळे तरतरी वाटते, पण झोपेची गरज मात्र भागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातील घड्याळ. ते प्रकाश आणि अंधार यांनुसार चालते. या घड्याळाची पेशींमधील यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रभर जागून दिवसा झोपू पाहणाऱ्यास पुरेशी झोप का लागत नाही, याचे उत्तर या घड्याळात आहे. शरीर थकलेले असते, परंतु घड्याळ मात्र दिवस उजाडल्याचे सांगत असते.

झोप का अपुरी पडते

कारणे घरोघरची आहेत. पहाटेची गाडी गाठून कामावर जाणारे व रात्री उशिरा परतणारे चाकरमाने, कृषिपंपांना रात्रीच्या पाळीत वीज मिळते म्हणून पिकाला पाणी देण्यास रात्री शेतावर जाणारे शेतकरी, परीक्षेसाठी जागणारे विद्यार्थी आणि सर्वांच्या नंतर झोपून सर्वांच्या आधी उठणारी गृहिणी, या सर्वांची झोप परिस्थितीने कापली जाते. अंथरुणात हाती घेतलेला मोबाइल ती स्वेच्छेने कापतो. काहींच्या बाबतीत मूळ कारण आजार हेच असते. मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडखळणे, दमा, संधिवाताच्या वेदना, रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे, चिंता अथवा नैराश्य ही त्यांपैकी काही होत.

रुग्णालयात यात आणखी भर पडते. दिवे, यंत्रांचे आवाज, औषधांच्या वेळा आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे कण्हणे यांमुळे झोप तुकड्यातुकड्यांची होते. त्यातच मनावर काळजीचा भार असतो. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो व अशा क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. हा नियम रुग्णाच्या झोपेसाठीच आहे, हे परिसरातील सर्वांनी ध्यानी घेतल्यास मोठे साहाय्य होईल.

परिणाम

अपुऱ्या झोपेचा पहिला आघात लक्ष आणि निर्णयशक्तीवर होतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सलग १७ तास जागलेल्या व्यक्तींची हात व डोळे यांच्या समन्वयाच्या चाचणीतील कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या व्यक्तीइतकी घसरल्याचे आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्यानुसार मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठून, दिवसभर काम करून, रुग्णास भेटून रात्री अकरा वाजता दुचाकीवर घरी निघालेल्या माणसाचे १७ तास भरलेले असतात. त्याने मद्याचा थेंबही घेतलेला नसतो, तरी त्याची सावधता कमी झालेली असते.

थोडी थोडी झोप रोज कमी पडली तरी हिशेब साचत जातो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ सालच्या अभ्यासात चौदा दिवस रोज केवळ सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची बौद्धिक कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावली. विशेष म्हणजे त्यांना स्वतःला ही घसरण फारशी जाणवलीच नाही. ‘मला सवय आहे, मला काही होत नाही’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांनी ही बाब अवश्य लक्षात घ्यावी.

दीर्घकाळ कमी झोपणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता व हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळते. झोप हे यामागील एकमेव कारण नव्हे. परंतु निरोगी तरुणांना काही रात्री चारच तास झोपू दिले असता त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता मंदावल्याचे १९९९ मध्येच दिसून आले होते. रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते, चिडचिड वाढते आणि घरात शब्दाला शब्द लागतो.

सेवा देणाऱ्यांची झोप

हेच परिचारिका, निवासी डॉक्टर व सेवक यांनाही लागू आहे. अमेरिकेतील बोस्टन येथे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दीर्घ पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांकडून पाळ्या कमी केलेल्या वेळापत्रकाच्या तुलनेत ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्याचे आढळले. वेतनावरील खर्च पाहताना पुरेसे मनुष्यबळ हीदेखील रुग्णाच्या सुरक्षिततेची तरतूद आहे, हे आमच्या देणगीदारांनी व विश्वस्तांनी ध्यानी घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

कुटुंबीयांसाठी काही सूचना

१. रुग्णासोबत एकाच व्यक्तीने सलग रात्री काढू नयेत. पहिल्याच दिवशी घरच्यांनी व आप्तांनी रात्री वाटून घ्याव्यात. हा भार बहुधा सुनेवर किंवा लेकीवर पडतो. पुरुषांनीही आपली पाळी ठरवून घ्यावी.

२. डॉक्टरांच्या सूचना व औषधांच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात. जागरणाने थकलेल्या स्मरणशक्तीवर विसंबू नये.

३. रात्रभर जागल्यावर स्वतः वाहन चालवू नये. बस, रिक्षा किंवा दुसऱ्या चालकाची सोय करावी.

४. दिवसा पंधरा-वीस मिनिटांची डुलकी उपयुक्त ठरते. कॅफिनचा निम्मा अंश सुमारे पाच तास शरीरात टिकतो, म्हणून ज्या रात्री झोपायचे आहे त्या दिवशी सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. मद्याने झोप लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्री ती मोडते.

५. रुग्ण घरी आल्यावर उठण्याची वेळ निश्चित ठेवावी, म्हणजे शरीराचे घड्याळ पूर्ववत होण्यास मदत होते.

६. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप न लागणे तीन महिने चालू राहिल्यास, अथवा घोरताना श्वास थांबत असल्यास डॉक्टरांना दाखवावे. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. दीर्घकालीन निद्रानाशावर विचार व सवयींत बदल घडविणारी समुपदेशनपद्धती हा प्रथम पसंतीचा उपचार मानला जातो.

परगावाहून येणाऱ्या नातेवाइकांना व्हरांड्यात पथारी टाकून रात्र काढावी लागू नये, यासाठी स्त्रिया व पुरुष यांच्याकरिता स्वतंत्र विश्रांतीकक्ष उभारण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या विचाराधीन आहे. एखादे यंत्र घेतल्यावर त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. अंथरूण, पंखा आणि शांतता यांची पाटी दिसणार नाही, परंतु तेथे चार तास निश्चिंत झोपलेली व्यक्ती दुसऱ्या दिवशी आपल्या माणसाची अधिक चांगली काळजी घेऊ शकेल. या कार्यास आपला उदार हात लाभावा आणि प्रत्येक कुटुंबाने रुग्णाइतकीच त्याच्या सोबत्याचीही विचारपूस करावी, हीच आमची सदिच्छा.