खतामागचा हिशेब

दक्खनच्या शेतकऱ्यांना कर्जाच्या जाचातून सोडवण्यासाठी केलेला १८७९ सालचा सतरावा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून अमलात आला. त्याची मुळे शोधू गेल्यास ती मुख्यत्वे आजच्या बारामती व इंदापूर तालुक्यांच्या जिराईत मातीत सापडतात.

इंदापुरात १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी रयतवारीची तीस वर्षांच्या मुदतीची नवी आकारणी बसवली. सारा भरणाऱ्या खातेदाराला तीत जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क मिळाला आणि त्याच हक्कामुळे, पूर्वी पिकाच्या भरवशावर पैसे देणाऱ्या सावकाराला खुद्द शेत हेच तारण म्हणून दिसू लागले. अमेरिकेतील यादवी युद्धात कापसाचा भाव चढला तेव्हा कुळांची पत वाढली व कर्जेही वाढली. युद्ध संपून भाव उतरू लागले, तर १८६७ पासून, इंदापुरापासूनच आरंभ करून, वाढीव साऱ्याची आकारणी येऊन ठेपली.

तथापि खरा फास आवळला तो दिवाणी न्यायालयांनी. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर, म्हणजे खतावर, दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळाच्या हिताचा होता, परंतु सावकार तिसरे वर्ष सरण्यापूर्वी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला, आणि निरक्षर कुणबी खाली नांगराची निशाणी करून त्या वाढलेल्या आकड्याला बांधला जाऊ लागला. दावा लागल्यावर दूरच्या कोर्टात हजर राहणे त्याला क्वचितच साधे. मग एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे प्रतिवादीच्या गैरहजेरीत दिलेला निकाल, आणि त्यामागोमाग जप्ती, लिलाव किंवा दिवाणी तुरुंग.

तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडणाऱ्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी बाजारात उठाव झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. जमाव माणसांच्या जिवावर सहसा उठला नाही. त्याला हवी होती ती खते व हुकूमनामे, आणि सावकाराने ती निमूट स्वाधीन केली की बहुधा तेवढ्यावर भागे. कोणता कागद आपल्याला बुडवतो, हे या लोकांना वाचता न येताही पुरते ठाऊक होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला, मध्येच १८७६ चा दुष्काळ पडला, आणि अखेर कायदा आला. न्यायाधीशाने केवळ खतावरील आकडा न पाहता व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे, मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा, मुद्दलात मिसळलेले व्याज बाजूला काढावे आणि उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून द्यावेत, हे त्यातील सर्वांत धाडसी कलम होय, कारण दोघांनी मान्य केलेला करार न्यायालयाने उकलू नये या तत्कालीन इंग्रजी समजुतीला त्याने उघड छेद दिला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची प्रथा बंद झाली; स्पष्टपणे गहाण न टाकलेली जमीन लिलावात काढता येईना. गावोगाव खते नोंदवणारे निबंधक, दहा रुपयांपर्यंतचे दावे चालवणारे ग्राममुन्सफ आणि दाव्यापूर्वी समेट घडवणारे मध्यस्थ नेमण्याचीही तरतूद झाली. पैकी समेटाची योजना पुढे गुंडाळण्यात आली. कनिष्ठ न्यायालयांच्या निकालांवर नजर ठेवण्यासाठी खास न्यायाधीशाचे पद निर्माण झाले, व १८८७ मध्ये ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे आले.

सावकारही गप्प बसणारा नव्हता. गहाणखत लिहिले तर कोर्ट ते उकलते, म्हणून तो सरळ खरेदीखतच करून घेऊ लागला, आणि पैसे फेडताच जमीन परत देण्याचे वचन मात्र तोंडी राहू लागले. कायद्याने कुळाला दिलेले कवच असे नव्या कागदाने भेदले गेले. त्यावर उपाय म्हणून कायद्यात पुढे आणखी एक कलम घालावे लागले, ज्यान्वये दिसायला विक्री असलेला व्यवहार वस्तुतः गहाण आहे काय, हे न्यायालय तोंडी पुराव्यावरूनही तपासू शके. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही सावकारीच्या ओघात लिहून घेतलेल्या अशा खरेदीखताची चौकशी करून जमीन परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला आहे.